तिसऱ्या मिनिटाला तुटणारी लाईन

एकोणीसशे अठ्ठ्याण्णव साल होते ते. मित्रांनो, त्या साली मी नवा कोरा होतो. आज मी एक जुना मोडेम आहे आणि बुटांच्या रिकाम्या खोक्यात पडून असतो. तुमच्यापैकी बहुतेकांनी मला पाहिलेही नसेल. पंज्याएवढी राखाडी डबी, पुढे सहा लाल दिवे, मागे दोन तारा. एक तार संगणकाला जायची, दुसरी टेलिफोनला. ज्या तारेवरून माणसे बोलायची, तिच्यावरूनच मी संगणकाची पत्रे आणि चित्रे परगावी पोचवायचो.

कारखान्यात तपासणी झाल्यावर माझ्या अंगावर छप्पन्न हजारांचा आकडा चिकटवला गेला. संगणकाची सगळी भाषा शून्य आणि एक यांची असते. एका सेकंदात अशी छप्पन्न हजार अक्षरे मी घेऊ शकतो, असा त्याचा अर्थ. मला वाटले, आकडा लिहिला आहे म्हणजे आपण तेवढे धावणारच. घरी पोचल्या दिवशीच मला पहिला धक्का बसला. मी धावलो एकवीस हजार सहाशे.

त्या घरात तीन माणसे होती. नकाशे काढणाऱ्या बाईंना सगळी गल्ली वहिनी म्हणायची, म्हणून मीही वहिनीच म्हणतो. पाण्याच्या पंपांचे सुटे भाग कसे ओतायचे, याचे बारीक नकाशे त्या घरी बसून काढायच्या. त्यांचे यजमान भाऊ शाळेच्या प्रयोगशाळेत साहाय्यक होते. भाऊंची थोरली बहीण, अक्का, मागच्या खोलीत राहायची. ती एकतीस वर्षे टेलिफोन खात्यात नोकरी करून निवृत्त झाली होती. तिच्या उशाशीही एक फोन होता, दिवाणखान्यातल्या फोनलाच जोडलेला.

भाऊंनी पडद्यावर माझा वेग पाहिला तो एक लाख पंधरा हजार दोनशे! दुसऱ्या दिवशी त्यांनी शाळेत सांगून टाकले की आमचा मोडेम छापलेल्या आकड्याच्या दुप्पट पळतो. मी शरमेने पाणी पाणी झालो. तो आकडा संगणकाच्या आणि माझ्या बोलण्याचा होता, वीतभर अंतराचा. घरातल्या घरात कोणीही भरभर चालतो. खरी परीक्षा उंबऱ्याबाहेर असते, आणि तिथे मी रांगत होतो.

दोन मोडेम तारेवर भेटले की आधी एकमेकांना हाका मारतात. ती किंचाळी ऐकून माणसे कानांवर हात ठेवायची. पण त्या वेळी आम्ही भांडत नसतो, तार जोखत असतो. तारेत खरखर असली की समोरचा म्हणतो, जरा सावकाश बोल, मला नीट ऐकू येत नाही. मग दोघांनाही झेपेल असा वेग आम्ही ठरवतो. त्यामुळे वेग एकट्या माझ्या हातात नसतो, हे भाऊंना कळायला तीन आठवडे गेले.

पण माझा खरा थरकाप झाला तो वेगाने नव्हे. पहिला नकाशा मी निम्मा पोचवला असेन, तोच तारेवर खट्ट झाले आणि माझ्या बोलण्याच्या ऐन मध्यात एक बाई बोलली. आवाज शांत, स्वच्छ, एकेक अक्षर सुटे.

"तीन मिनिटं झाली. वाढवू का?"

मित्रांनो, मी हादरलो. माझ्या आणि समोरच्या मोडेमच्या मध्ये माणसाचा आवाज शिरला, की आमच्या कानांत नुसता गलका होतो. समोरचा दचकून निघून गेला. लाईन तुटली. नकाशा पुन्हा पहिल्यापासून पाठवणे आले. दुसऱ्या वेळी तेच झाले, आणि त्यानंतर जवळजवळ दर वेळी तेच. कोण ही बाई? कुठून बोलते? मला तोंड होते, पण माणसांना कळेल अशी भाषा नव्हती.

इकडे वहिनींच्या जिवाला घोर लागला होता. पंपांच्या कारखान्याचे मालक सहा तासांच्या अंतरावर, परगावी होते. पूर्वी नकाशे टपालाने जायचे. आता त्यांना ते त्याच दिवशी हवे होते. त्यांनी महिनाभर वाट पाहिली आणि मग फोनवर सांगितले, की शनिवारी दुपारी एकच्या आत नव्या पंपाचा नकाशा आला तर घरून काम चालू ठेवा, नाही तर सोमवारपासून इथल्या कचेरीत येऊन बसा. याचा अर्थ वहिनींनी परगावी खोली घेऊन राहायचे आणि पंधरा दिवसांतून एकदा घरी यायचे. लग्नाला बावीस वर्षे झाली होती. त्या दोघांनी एकमेकांवाचून सकाळचा चहा कधी घेतला नव्हता.

भाऊंनी मग कंबर कसली. माझ्यापासून भिंतीपर्यंत पंधरा मीटरची तार वेटोळे करून टाकली होती, ती काढून त्यांनी दोन मीटरची लावली. वेग चोवीस हजार झाला. मला पंख्याच्या रेग्युलेटरजवळून उचलून खिडकीत नेले, तारेतली गुणगुण कमी झाली. नकाशाची फाईल दाबून लहान करायला ते शिकले. पाठवताना माझी धाव तेहतीस हजार सहाशेच्या पुढे जातच नाही, छप्पन्न हजार फक्त येणाऱ्या मजकुरासाठी, हे एका मासिकात वाचून ते मटकन खाली बसले. "म्हणजे खोक्यावर लिहिलंय ते अर्धंच खरं?" असे त्यांनी मलाच विचारले. पण एवढे करूनही लाईन तुटायची ती तुटायचीच. शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी माझ्या पाठीत एक थप्पड घातली.

"हा डबा माझी बायको पळवायला निघालाय," ते म्हणाले.

"डब्याला कशाला बोल लावतोस?" मागच्या खोलीतून अक्का म्हणाली. "बोलता बोलता मधेच थांबायची सवय तुझीच आहे. तुझं पाहून शिकला असेल."

शनिवारी साडेअकराला लाईनमन आला. गळ्यात तपासणीचा फोन, हातात पक्कड. त्याने भिंतीवरची टेलिफोनची पेटी उघडली तर आत हिरवा गंज. तो खरवडून त्याने तारांची टोके नवी करून दिली. मग एका तारेवर बोट ठेवून विचारले की ही कुठे जाते. भाऊ म्हणाले, अक्काच्या खोलीत. लाईनमनने मान हलवली. एका लाईनवर दुसरा फोन असला की थोडा जोर तिकडे जातो, शिवाय मधे कोणी तो उचलला तर संपलेच. भाऊ म्हणाले, अक्काला फोन करणारे कोणी नाही, ती कशाला उचलेल?

तेव्हा वहिनींनी कागद पुढे केला. नकाशे काढणारा हात, सगळे मोजून ठेवायची सवय. लाईन किती वेळाने तुटली ते त्यांनी समासात टिपले होते. तीन मिनिटे पाच सेकंद. तीन मिनिटे दोन. तीन मिनिटे आठ. पुन्हा तीन मिनिटे पाच.

लाईनमनचा चेहराच बदलला. त्याचे केस पांढरे होते, जुना माणूस होता तो. तो अक्काच्या दारात जाऊन उभा राहिला.

"मावशी, तुम्ही ट्रंकवर, बाहेरगावचे कॉल जोडून द्यायला होता का हो?"

"एकतीस वर्षं," अक्का म्हणाली. "पैकी अठरा वर्षं रात्रपाळी."

"हा कम्प्युटर बाहेरगावी फोन लावतो, तेव्हा तुम्ही काय करता?"

"काय करणार? त्याची किंचाळी ऐकू आली की वेळ धरते. तीन मिनिटं झाली की फोन उचलून विचारते, वाढवू का म्हणून. बाहेरगावचा कॉल तीन-तीन मिनिटांच्या हिशेबानं असतो, कोणीतरी विचारायला नको?" अक्का जरा घुश्शात म्हणाली. "पण मेलं कोणी उत्तरच देत नाही. खरखर थांबते. मग मी समजते, बोलणं संपलं, आणि ठेवून देते."

भाऊंचे तोंड उघडे ते उघडेच. वहिनी दाराची चौकट धरून उभ्या राहिल्या. आणि मी? महिनाभर जिने माझी झोप उडवली, ती बाई दोन भिंतींपलीकडे होती आणि रोज सकाळी माझ्यावरची धूळ पुसायची!

लाईनमनने हळू आवाजात सगळे समजावून सांगितले. अक्का ऐकत गेली तशी पांढरीफटक पडली.

"एकतीस वर्षांत मी एकाचाही कॉल तोडला नाही," ती म्हणाली. "एकाचाही नाही रे. आणि घरात हिचे..."

भाऊ काहीतरी बोलणार होते. वहिनींनी त्यांना हातानेच थांबवले. घड्याळात साडेबारा वाजले होते. अक्काने स्वतः वाकून आपल्या फोनची पिन उपटली, वायरीची नीट घडी केली आणि फोन कपाटात ठेवला. कोणी तिला तसे सांगितले नव्हते.

"अक्का," वहिनी म्हणाल्या, "बाहेर येऊन बसा. आज वेळ तुम्हीच धरायची."

मी हाक मारली. समोरून हाक आली. तार अशी स्वच्छ मी कधी ऐकली नव्हती. एकतीस हजार दोनशे! मला स्वतःलाच खरे वाटेना. सात मिनिटांचे काम होते. अक्का खुर्चीत ताठ बसली, नजर घड्याळावर. दोन मिनिटे झाली. तीन झाली. तिचे ओठ हलले, पण तिने पदर तोंडाशी धरला आणि एक शब्दही बाहेर येऊ दिला नाही. चार. पाच. सातव्या मिनिटाला पडद्यावर अक्षरे उमटली की नकाशा पोचला. एकला दहा कमी असताना मालकांचा फोन आला. वहिनींनी फक्त "हो, हो" एवढेच म्हटले, फोन ठेवला आणि चहाचे आधण चढवले.

मित्रांनो, पुढे मालकांनी कारखाना विकला आणि ते मुलाकडे राहायला गेले. लाईनमन दोन वर्षांनी निवृत्त झाला; त्याने जोडलेल्या तारा नंतर खांबांवरून उतरवल्या गेल्या. वहिनींनी आणखी सोळा वर्षे घरूनच नकाशे काढले. आता त्यांची नजर मंदावली आहे. भाऊ त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवतात आणि हो, मधेच थांबतात. अक्का त्या शनिवारनंतर पाच वर्षे जगली. तिने आपला फोन पुन्हा कधी जोडला नाही. तेवढे मात्र मला अजून सलते. मधल्या वेळी, मी गप्प असताना, तो जोडला असता तर काय बिघडले असते?

म्हणून सांगतो. यंत्र अडखळले तर त्याला थप्पड मारू नका. त्याची तार पाहा, गंज पाहा, किती वेळाने अडखळते ते लिहून ठेवा. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना यंत्र दाखवताना ते काय करते एवढेच सांगून थांबू नका. तुम्हाला यातले काय कळले, हेही त्यांना विचारा. माझ्या घरात सगळ्यांनी मला महिनाभर उघडून, उलटून, हलवून पाहिले. मागच्या खोलीत जाऊन विचारायला मात्र बाहेरचा माणूस यावा लागला.