एकसष्टावा फोन

निळ्या चौकडीचा गमछा. घरात कुणाचाच नाही.

वेदिकाचा फोन, गव्हाच्या डब्यात, कोपरभर खोल.

सुबोधचा भांग उजवीकडे. लग्नाच्या फोटोत, पासपोर्टवर, रेल्वेच्या ओळखपत्रावर.

ग्रुपवर, फोटोखाली: बहुत दुखद. हेल्मेट ज़रूर पहनें. पुढे जोडलेले हात.

एकसष्ट नावं, पाठकोऱ्या कागदावर. एकोणसाठ खोडलेली.

साठावं नाव मालिनीताईंचं होतं. त्यांनी दार उघडलं तेव्हा विभाचा हात आधीच पुढे आलेला होता.

"फोन द्या, ताई."

"अगं, आत तर ये. चहा टाकते."

"आधी फोन."

मालिनीताईंनी फोटो शोधून दिला. विभाने डावा तळवा स्क्रीनच्या वरच्या अर्ध्या भागावर पालथा ठेवला आणि उजव्या अंगठ्याने काम केलं. ग्रुपमधून पुसला. गॅलरीतून पुसला. मग पुसलेले फोटो जिथे जाऊन पडतात तिथूनही. तिथे ते तीस दिवस राहतात हे तिला तिसऱ्या घरी कळलं होतं. पहिल्या दोन घरी ती परत गेली होती.

फोटो सुबोधचा होता. तिच्या नवऱ्याचा. चिनहटला, फैजाबाद रोडच्या कडेला, स्कूटरपासून चार हातांवर पडलेला. लखनौच्या विकास नगरातल्या या कॉलनीत तो सगळ्यांनी पाहिला होता, दोघी सोडून. विभाला पाहायचा नव्हता. मुलीने, वेदिकाने, पाहू नये म्हणून ती फिरत होती. काल तेरावं झालं. उद्या सोमवारी वेदिका शाळेत जाणार, याच कॉलनीतल्या मुलांबरोबर, एका व्हॅनमधून.

"मी कुणाला पाठवला नाही हं," मालिनीताई म्हणाल्या. "फक्त नागपूरच्या ताईला."

"लावा तिला फोन."

"आत्ता? दुपारची झोपते ती."

"उठवा."

नागपूरच्या ताईंनीही कुणाला पाठवला नव्हता. फक्त सुनेला. मग सुनेलाही फोन लागला.

"सुतकात दारोदार फिरायला लागलीस तेव्हाच लोक बोलले," मालिनीताई हळूच म्हणाल्या. "अख्खं लखनौ थोडंच पुसून काढणार आहेस?"

"अख्खं नाही. एवढंच." विभाने कागद दाखवला, नाव खोडलं आणि शेजारी वेळ लिहिली. प्रयोगशाळेतल्या नोकरीची सवय.

ती पाणी प्यायला घरी आली तेव्हा वेदिका बाल्कनीत थैली उलटी करून बसली होती. हॉस्पिटलमधून मिळालेली थैली. सुबोधचा शर्ट गाळाने आणि रक्ताने पुठ्ठ्यासारखा कडक झाला होता.

"आई, ये गमछा फेंक दूँ? किसी और का डाल दिया उन लोगों ने."

"राहू दे."

"पापा का नहीं है ना."

"त्यांच्या थैलीत आलाय. राहू दे."

वेदिकाने शर्टाच्या कॉलरवर नख फिरवलं. गाळाची खपली निघाली. "आई, शर्ट ऐसा है, और चेहरा एकदम साफ था. क्यों?"

"पुसला असेल हॉस्पिटलवाल्यांनी."

हे विभाने तेव्हाही मानलं होतं. शवागारातल्या माणसाला ती धन्यवाद म्हणाली, तर तो म्हणाला होता, आम्ही काही नाही केलं मॅडम, असेच आले होते.

एकसष्टावं नाव पृथ्वीराजजींचं. कॉलनीचे सेक्रेटरी. ग्रुपवर फोटो त्यांनीच टाकला होता, म्हणून ते तिने शेवटी ठेवले होते.

"बैठिए भाभीजी. बुरा मत मानिएगा, एक बात कहूँ? वो फोटो न आती तो आपको खबर कैसे होती? फोन उनका चूर हो गया था. जेब में कागज नहीं. लावारिस में चले जाते."

विभा उभीच राहिली. हे खरं होतं. ग्रुपवर पाहूनच मालिनीताई धावत आल्या होत्या.

"पहचान लिया था आपने?" तिने विचारलं.

"पूरा यकीन नहीं था. इसीलिए तो डाला."

"मुझसे पूछ लेते. बाकी साठ लोगों से क्यों पूछा?"

पृथ्वीराजजींनी टेबलावरच्या रिमोटची जागा बदलली. मग टॅब्लेट पुढे सरकवला. डोळ्यांमुळे ते सगळं त्यावरच पाहत. विभाने डावा तळवा ठेवला. तळवा पुरला नाही.

डोकं जमिनीवर नव्हतं. खाली घडी केलेला गमछा होता, निळ्या चौकडीचा. चेहरा धुतलेला. कानाच्या पाळीत एक थेंब. ओले केस नीट बसवलेले, आणि भांग डावीकडे, समोर बसून दुसऱ्याचे केस विंचरणाऱ्याकडून पडतो तसा.

फोटोखाली, त्यांच्याकडे आला होता तसाच, मूळ मजकूर होता. जोडलेले हात नव्हते, हेल्मेट नव्हतं. इन साहब को कोई पहचानता हो तो फोन करें. अकेले हैं. समीर, पंक्चर वाला, चिनहट. आणि नंबर.

"ग्रुप पर तो ये नहीं था," विभा म्हणाली.

"वो मैंने हटा दिया था. अपनी तरफ से दो शब्द लिख दिए." ते समजावणीच्या सुरात म्हणाले, "किसी का नंबर बिना पूछे ग्रुप में डालना ठीक नहीं होता, भाभीजी."

विभाने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

तिने कागद उलटा केला. मागे समीरचा नंबर लिहिला, आकडे दोनदा ताडून पाहिले.

"अब तो देख लिया आपने," पृथ्वीराजजी म्हणाले. "चाहें तो अपने फोन पर भेज लीजिए. आखिरी फोटो है."

विभाने फोटो पुसला. मग पुसलेल्यांच्या जागेतूनही पुसला. नाव खोडलं, शेजारी वेळ लिहिली. पाच वाजून दहा मिनिटं.

सोमवारी सकाळी तिने डब्यात हात घालून वेदिकाचा फोन काढला, पदराने पुसून तिच्या हातात दिला. व्हॅन वळेपर्यंत फाटकापाशी उभी राहिली. मग धुतलेला, इस्त्री केलेला गमछा पिशवीत ठेवून तिने ऑटोला हात केला आणि चिनहट सांगितलं.

अपघाताच्या दुपारी समीरने पंक्चर शोधायच्या टबातलं काळं पाणी रस्त्यावर ओतून दिलं, हापशावरून टब भरून आणला, ते पाणी लाल झाल्यावर पुन्हा भरून आणला, आणि फोन हातात घेण्याआधी हात स्वतःच्या शर्टाला पुसले.