शुक्रवारचा शेवटचा घाणा

बाबा फेब्रुवारीत गेले आणि त्यांच्यामागे आमच्या दुकानातली चघळायची कडू गोळी बिघडली. बाकीच्या जमत होत्या. बडीशेप, लवंग, नासपती, पेपरमिंट, सगळ्यांची मापं त्यांच्या वहीत होती. कडू गोळीचंही पान होतं: साखर, पाणी, होरहाउंड नावाच्या, खोकल्यावर देतात त्या कडू पाल्याचा काढा. मी तंतोतंत तेच घालत होते आणि तरी काहीतरी चुकत होतं.

यॉर्कशरच्या आमच्या गावात या गोळीवरून सरळ दोन तट आहेत. लोकरीच्या गिरणीत छाती भरलेली माणसं शनिवारच्या बाजारातून ती पाव पौंड घेतल्याशिवाय घरी जात नाहीत. उरलेले आमच्या दुकानावरून जाताना नाक धरतात. बाबांची खास अशी एवढीच एक गोळी होती. तीही गेली तर ते खरंच गेले, असं माझ्या मनाने घेतलं होतं.

पंधरा वर्षं मी त्यांच्याबरोबर पाक ओढला. पण हा घाणा ते शुक्रवारी सगळ्यात शेवटी एकटेच उकळत. त्यानंतर कढईला येणारा वास धुऊन काढायला तासभर लागे. मी तेव्हा पुढे दुकानात पिशव्या भरत असे.

आधी मी हेगकाकांना विचारलं. ते चाळीस वर्षांपासूनचे गिऱ्हाईक. पाला दुप्पट केला, छान आहे म्हणाले. निम्मा केला, तरी छानच. मला चीड आली. ज्याला आवडते त्याला काय विचारायचं, तो काहीही गोड मानून घेतो. मग वाटलं, ही चव विसरणं जिला शक्यच नाही अशी कोण आहे?

आई. तिने ती गोळी कधी घरात येऊ दिली नव्हती. पुष्कळ आढेवेढे घेऊन तिने एक तोंडात टाकली आणि शांतपणे चघळत बसली.

"वाईट नाही," ती म्हणाली.

"मग झालं तर. ही ती नव्हेच."

"नव्हेच. ती मेली आधी गोड बोलायची. आधी नासपती, मग बडीशेप, मग जराशी लवंग. वाटायचं, बरी आहे की. आणि मग मागून तो पाला यायचा. लग्नाआधी मी तीनदा फसले. ही बिचारी पहिल्यापासून कडू आहे, ऑड्री. हिचा राग कसा यायचा?"

नासपती कुठून आली? वहीत कडू गोळीच्या पानावर तर ती नव्हती. मी रात्रभर तेच घोळवत राहिले.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. पाक ओतायच्या दगडी लादीवरचे आठवडाभराचे तुटके तुकडे मी पत्र्याच्या डब्यात लोटत होते. एकाच रंगाचे तुकडे कुणीही पुढच्या पाकात परत घालतो. पण हे नासपतीचे, बडीशेपेचे, लवंगेचे सगळे एकमेकांत मिसळलेले, कुठल्याही पाकात घातले की तो बिघडायचा. बाबा ते डुकरंवाल्याला देतात अशी माझी समजूत होती, म्हणून फेब्रुवारीपासून मीही देत होते. डुकरंवाला दर वेळी इतके आभार का मानतो, हे मला तेव्हा कळलं. त्याला याआधी कधी काही मिळालंच नव्हतं.

काळा, कडू, सगळं पोटात घेणारा पाक आमच्याकडे एकच होता. मी डबा त्यात उपडा केला.

संध्याकाळी गोळी आईपुढे ठेवली. तिने ती तोंडात टाकली. आधी चेहरा निवळला. जरा वेळाने भुवया वर गेल्या. मग सगळा चेहरा आक्रसला आणि डोळ्यांत पाणी आलं.

"हीच," ती म्हणाली. "हीच ती. शी."

मी बशी पुढे केली. "थुंक, आई."

तिने मान हलवली, गोळी दुसऱ्या गालात सारली आणि बशी बाजूला केली.

"राहू दे," ती म्हणाली. "संपू दे तिला सावकाश."