आबासाहेबांचा हार

दौलतराव आंब्रे वारले त्याला दोन वर्षं होऊन गेली होती, तरी डोंबिवलीच्या भाजीबाजारात ते रोज कोथिंबिरीवरून घासाघीस करताना दिसायचे. वारले ते मालिकेत. बड्या घराचे कर्ते आबासाहेब म्हणून त्यांनी तीन वर्षं काठी आपटली, सुनांना खडसावलं, आणि टीआरपी घसरल्यावर एका मंगळवारच्या भागात छातीला हात लावून आडवे झाले. तेव्हापासून त्या घराच्या दिवाणखान्यात त्यांचा हार घातलेला फोटो लागला आणि रोज संध्याकाळी घरोघर दिसू लागला. बाजारात एखादी बाई अजून दचकायची. काम देणाऱ्या नव्या पोरांपैकी निम्म्यांना ते खरंच गेले असं वाटायचं, आणि उरलेल्यांना ते कोण हेच ठाऊक नव्हतं.

खरी गेली ती नंदा, त्यांची बायको. उद्या तिचं तेरावं होतं आणि घरात तिचा भिंतीवर लावण्याजोगा एक फोटो नव्हता.

लेकीच्या, शिवानीच्या, फोनमध्ये तसे ढीगभर होते; पण ते आजारपणातले, डोक्याला रुमाल बांधलेले. त्याआधीच्या फोटोंत नंदा एक तर तोंडावर पदर घेऊन "काढू नका हो" म्हणत होती, नाहीतर फोटो काढणारी तीच होती.

"बाबा, आधार कार्डावरचा मोठा करून घेऊ या," शिवानी म्हणाली.

दौलतराव भडकले. "आधार कार्डावर चांगला माणूस दरोडेखोर दिसतो. तुझ्या आईला तसं टांगू?"

"मग तो जोडीचा फोटो दिलात कशाला?"

बैठकीच्या खोलीतला रिकामा खिळा समोरच होता.

तो फोटो लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाचा. फडके रोडजवळच्या एका स्टुडिओत काढलेला. आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात. दौलतराव खुर्चीत, नंदा शेजारी उभी. फोटोग्राफरने फारच आग्रह केला तेव्हा तिने नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि लाजून हसली. असं हसणं तिच्या वाट्याला कमीच आलं. खोपटच्या एसटी डेपोत कारकून असताना दौलतरावांना कामगारांच्या नाट्यस्पर्धेत बक्षीस मिळालं आणि त्यांच्या डोक्यात वारं शिरलं. नोकरी सोडली. पुढची कित्येक वर्षं ते सिनेमात न्यायाधीश झाले, मालिकेत "सॉरी, आम्ही त्यांना वाचवू शकलो नाही" म्हणणारे डॉक्टर झाले, आणि घर चालवलं नंदाच्या पोळीभाजीच्या डब्यांनी. साठीनंतर आबासाहेब मिळाले. तेव्हा कुठे ती शेजारणींना "आमच्या यांचं शूटिंग आहे" असं सांगायला लागली.

आबासाहेब मेले त्या दिवशी सेटवरून फोन आला: दुसऱ्या भूमिकेतला नको, साधा फोटो हवा, आत्ताच्या आत्ता. नंदा कल्याणला बहिणीकडे गेलेली. दौलतरावांचे बाकी फोटो कुठे पोलीस, कुठे भटजी. त्यांनी खिळ्यावरचा काढला आणि माणसाच्या हाती धाडून दिला. परत देतो म्हणाले, आणि परत कोण देतंय?

नंदा घरी आल्यावर भिंतीकडे बघत राहिली. "अहो, जोडीचा फोटो हाराला दिलात?"

"अगं, नाटक आहे ते. तुझी बाजू काढून टाकतील."

"तेच तर," ती म्हणाली. पुढे कधी तिने ती मालिका लावली नाही.

दुपारी दौलतराव तो फोटो परत मागायला घोडबंदर रोडच्या बंगल्यावर पोचले; मालिकेचं शूटिंग तिथेच चालायचं. दारात पहिला भेटला धाकू. तिथल्याच गावचा, पूर्वी बापाची मिठागरावर मजुरी. आता सेटवरच्या सामानाची देखभाल त्याच्याकडे.

"आबा! कवा आलाव? वैनींचा कळला मना," तो म्हणाला आणि त्यांचा हात धरून उभा राहिला. मग काहीतरी चांगलं सांगावं म्हणून म्हणाला, "तुमचा हार मी रोज काढतू हां. पॅकअप झाला का पयला त्यो. जित्त्या मानसाचा हार रातचा ठेवाचा नाय."

हे नंदाला सांगायला हवं होतं, असं दौलतरावांना वाटून गेलं.

मालिकेची सूत्रं आता रसिका नावाच्या तरुण मुलीकडे होती. तिने हातातलं काम ठेवून ऐकून घेतलं. "सर, खूप वाईट वाटलं. पण फोटो नेलात तर माझी भिंत रिकामी दिसेल, आणि चॅनलने पास केलाय तोच पाहिजे. आणि ऐका ना, पुढच्या महिन्यात आबासाहेबांचा जुळा भाऊ आणायचा विचार चाललाय. तुम्हीच ना! म्हणून फोटो तर लागणारच."

दोन वर्षं दौलतराव याच निरोपासाठी फोन उशाशी घेऊन झोपले होते. आज तो आला, आणि त्यांनी भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवलं.

"मला फक्त तिची बाजू द्या," ते म्हणाले. "माझी राहू दे तुम्हाला."

धाकूने फ्रेम उतरवली, हार बाजूला ठेवला, मागचे खिळे उचकटले. मागच्या पुठ्ठ्याच्या फटीतून दिसलं: नंदाची बाजू कापलेली नव्हती. घाईत कुणीतरी फोटो मधोमध मागे दुमडून फ्रेममध्ये कोंबला होता. म्हणजे रोज हार पडत होता तो दोघांवर. एक पुढे, एक मागे. आणि धाकू रोज काढत होता तो एकाचं नाव घेऊन.

"हाय, हाय! वैनी हायत!" धाकू आनंदाने ओरडला आणि मागचा पुठ्ठा उचलू लागला. तो निघेना. दोन पावसाळ्यांची ओल आणि वर दिव्यांचा ताप. दौलतरावांनी त्याला थांबवलं आणि स्वतः नखाने हळूहळू सोडवू लागले. टरकन आवाज झाला. नंदाचा चेहरा पुठ्ठ्याला चिकटून सालासारखा निघाला, आणि फोटोत उरला एक पांढरा डाग आणि खाली साडीचा काठ.

दौलतरावांनी फोटो उलटा केला. पुढच्या बाजूला ते स्वतः होते, रुबाबात, आणि त्यांच्या खांद्यावर चार बोटं. इतके दिवस ती हाराखाली झाकली गेली होती. बोटात नंदाची अंगठी; ती दौलतरावांनी पहिल्या सिनेमाच्या पैशांतून घेतली होती आणि तिने नंतर शिवानीच्या फीसाठी मोडली.

"हा मी नेतोय," ते म्हणाले.

"सर, पण जुळा भाऊ..." रसिका म्हणाली.

"दुसरा कुणी बघा, बाळ. तोंडावळा जमवता येतो."

दुसऱ्या दिवशी तेराव्याला आलेली माणसं दारातच थबकली. पाटावर फ्रेममध्ये दौलतरावांचा एकट्याचा फोटो, त्याला हार, पुढे समई. आणि बाजूला दौलतराव हात जोडून बसलेले. नंदाची बहीण मीराबाई रागाने म्हणाली, "भावोजी, इथे तरी तुमचं नाटक नको हो. माझ्या बहिणीचा फोटो कुठे?"

दौलतरावांनी हार जरा बाजूला सारला. "हात बघा," ते म्हणाले.

मीराबाई वाकली. तिने बोटं ओळखली, अंगठी ओळखली, आणि तोंडाला पदर लावून तिथेच बसली. मग जो तो वाकून त्या खांद्याला फूल वाहत गेला.

दिवेलागणीला माणसं पांगली. शिवानीने फोटो उचलून जुन्या खिळ्यावर लावला. हाराकडे बघून ती घुटमळली. "बाबा, तुमच्यावरचा हार काढू ना आता? बरं नाही दिसत."

दौलतरावांना धाकूचं बोलणं आठवलं. ते उठले, हाराला हात घातला, आणि हात तिथेच राहिला. हाराखाली तिची बोटंही होती; एकट्याचा हार काढता येत नव्हता.

"राहू दे," ते म्हणाले.