व्याह्यांचे देव

दामिप्पोसाच्या कन्येचा विवाह ज्या घरी ठरला, त्या घरच्या आजोबांनी दामिप्पोसाच्या वडिलांना रणात मारले होते. पुढे दोन्ही घरांनी एकमेकांची आणखी माणसे मारली, आणि मारण्याजोगे तरुण थोडेच उरले तेव्हा हे स्थळ सर्वांना पसंत पडले.

हे कार्य रक्ताविना पार पडावे, एवढेच दामिप्पोसाचे देवांकडे मागणे होते. अडचण होती ती गाण्याची. वऱ्हाड जेवायला बसण्यापूर्वी दोन्ही कुळांच्या पूर्वजांचा पराक्रम गायिला जाई. तो वगळणे हा उभयतांचा अपमान होता, आणि येथे उभय पूर्वजांचा पराक्रम एकच होता.

म्हणून बळीचा बैल वेदीपाशी उभा असतानाच गायकाला मध्ये बसवून बोलणी सुरू झाली.

“आमचे आजोबा माणसाच्या हातून पडणारे नव्हते,” दामिप्पोसाचा मुलगा निकांद्रोस म्हणाला. “आधी रणदेव अरेसनं त्यांच्या डोळ्यांवर धुकं टाकलं, असं गा.”

“म्हणजे माझ्या बापानं आंधळ्याला मारलं?” वरपिता युरिमेनीस उसळला. “व्याहीबुवा, पोराला आवरा!”

“मग तुमच्याकडून अथीना घ्या ना,” दामिप्पोस नम्रपणे म्हणाला. “भाला तिनं हातात दिला.”

“तर मग आमच्याकडून पोसायडन,” निकांद्रोस म्हणाला. “त्यानं पायाखालची जमीन हलवली.”

“आमच्याकडून हेरा!”

“जरा जागा ठेवा, मालक,” गायक म्हणाला. “त्या दोन माणसांनाही मला कुठंतरी उभं करायचंय.”

वृद्ध पुजारी सुरीला धार लावत होता. तो मान वर न करता म्हणाला, “नाव घ्याल त्या प्रत्येकाला वेदीवर मांडी लागेल. गाण्यात बोलावून उपाशी पाठवलं, तर ते घराला सोडतील होय? बैल एक आहे. मांड्या दोन.”

एकेक देव ठेवावा, तर कोणाचा मोठा हा प्रश्न निघाला. शेवटी दोन्ही मांड्या झ्यूसला द्याव्यात, कारण तो कोणाच्याच बाजूचा नाही, आणि गाण्यात कोणताही देव असू नये, असे एकमताने ठरले.

बैल पडला. चरबीत गुंडाळलेल्या मांड्यांचा धूर वर गेला. गायकाने वीणा घेतली. नदीच्या उतारावर दोन माणसे भेटली. एकाचा भाला दुसऱ्याच्या बरगडीखाली शिरला. तो गुडघ्यांवर आला, मातीत बोटे रुतवून निवर्तला. पहिल्याने त्याचे चिलखत काढून नेले.

गाणे फार उत्तम झाले.

निकांद्रोसाने प्याला खाली ठेवला. समोर बसलेल्या नवऱ्यामुलाने गळ्यातला हार काढला. युरिमेनीसाची दृष्टी भिंतीवर टांगलेल्या तलवारींकडे गेली.

गाण्यातील देव मृतांच्या मोठेपणासाठी असतात, अशी दामिप्पोसाची आजवर समजूत होती. ते जिवंतांच्या मध्ये उभे असतात, हे त्याला आता दिसले.

“माझी औताची जोडी आणा रे!” तो ओरडला.

“अरे, कष्टाचा बैल कोणी कापतं का?” पुजारी म्हणाला. “पाप आहे ते.”

“ते माझ्या माथी. गायकबुवा, धुक्यापासून पुन्हा घ्या. कोणालाही वगळू नका.”

गायकाने कोणालाही वगळले नाही. धुके उतरले, जमीन हलली, अथीनेने भाला दिला, हेरेने तो मार्गी लावला. आणि इतक्या देवांनी मिळून जे केले, त्यात दोष द्यावा असा माणूस उरला नाही. पोसायडन आला तेव्हा निकांद्रोस मोकळेपणी रडला. नवऱ्यामुलाने उठून त्याचा प्याला भरला.

पेरणी आली, तेव्हा दामिप्पोसाचे शेत तसेच पडून होते. युरिमेनीसाने आपली जोडी गड्याबरोबर पाठवली, आणि सोबत निरोप दिला: “बैल हवे तितके दिवस ठेवा. पण व्याहीबुवा, अथीनेचं कडवं तुमच्या पोसायडनपेक्षा आखूड होतं, एवढं लक्षात असू द्या.”