एकाच दारातून आलेले

आमच्या घरात कोणी वाईट नाही, हे आधीच सांगून टाकते. वाईट असतं तर सोपं होतं. भांडले असते, दार आपटलं असतं, मोकळी झाले असते. पण नवरा गरीब गाय, सासूबाई मायाळू, आणि थोरले दीर, म्हणजे भाऊजी, यांनी तर लग्नच केलं नाही. सगळं लक्ष घराकडे. त्या लक्षाखाली माझा जीव गुदमरत होता, आणि गुदमरतोय असं म्हणायचीही सोय नव्हती, कारण लगेच कोणीतरी खिडकी उघडायला धावलं असतं.

भाऊजींनी सेलमध्ये घरातल्या सगळ्यांना एकाच कंपनीचे, एकाच रंगाचे फोन घेतले आणि सगळे एका खात्यात घातले. कोणीही फोटो काढला की तो हॉलमधल्या टीव्हीवर आपोआप झळकायचा. नकाशावर आमचे चौघांचे ठिपके फिरायचे. बाजारात ओळखीचं कोणी भेटलं आणि मी बोलत उभी राहिले, की भाऊजींचा फोन यायचा, "ठिपका हलत नाहीये तुझा, बरी आहेस ना?" सासूबाईंचा ठिपका कधी हलायचाच नाही, त्यामुळे त्यांना कोणी फोन करत नसे.

माझं काम घरूनच चालतं. कंपन्यांचे प्रोग्रॅम सर्व्हरवर चढवायचे आणि ते चालू ठेवायचे, हा माझा धंदा. जेवणाच्या टेबलाचं एक टोक म्हणजे माझं ऑफिस. मीटिंग चालू असताना सासूबाई मागून पाण्याचा ग्लास आणून ठेवतात आणि जाता जाता पडद्यावरच्या साहेबांनाही हात हलवतात. साहेब खूश असतात. मी दात-ओठ खाते.

खोली मला दातामुळेच मिळाली. दाढ दुखत होती म्हणून डॉक्टरकडे गेले, तर जिन्यात पाटी: वरची खोली भाड्याने देणे आहे. वर जाऊन बघून आले आणि दाढ विसरूनच गेले. नवऱ्याला सोडायचं नव्हतं मला. काम करायला, आणि काम नसेल तेव्हा नुसतं बसायला, कोणालाही ठाऊक नसलेली एक जागा हवी होती. नकाशावर ठिपका दातांच्या डॉक्टरकडेच दिसणार, म्हणजे दुधात साखर. भाडं ठरवायला, मापं घ्यायला मी परत परत जात राहिले, आणि थोड्याच दिवसांत घरच्यांच्या हिशेबी माझे दात इतके किडले, की सासूबाई मला सगळं मऊ शिजवून वाढायला लागल्या. तेही मी मुकाट गिळलं.

हे फक्त ताईला माहीत होतं. ताई म्हणजे माझी थोरली बहीण, लांब राहते. खोली पक्की करण्याआधी तिला एकदा दाखवायची होती. पण माझ्या फोनवर व्हिडिओ काढला तर तो टीव्हीवर जाणार. ऑफिसने दिलेला एक फोन होता, तो भाऊजींच्या खात्यात नव्हता, पण त्यावर ऑफिस कुठलंही गप्पांचं अॅप टाकू देत नाही. मग म्हटलं, आपण दुसऱ्यांची दुकानं मांडून देतो, एकदा स्वतःचं मांडू.

चपलांच्या कपाटावर, राउटरशेजारी, एक जुना लॅपटॉप धूळ खात पडला होता. त्यावर मी फाइली पाठवायचा एक छोटा प्रोग्रॅम चढवला, कंटेनरमध्ये. कंटेनर म्हणजे बंद डबा: आत प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं सामान, कुठेही नेऊन ठेवा, चालतो. एका डब्यात प्रोग्रॅम, आणि त्याच्यापुढे दुसऱ्या डब्यात दारवान. बाहेरून येणाऱ्याला दारात घ्यायचं आणि आत पाठवायचं, एवढंच त्याचं काम. फाइल सर्व्हरवर थांबत नाही. माझ्या फोनवरून निघते ती थेट समोरच्याच्या फोनवर. मधे कोणी नाही, हेच मला त्यातलं सगळ्यात आवडलं होतं.

लॅपटॉपचा दिवा भाऊजींच्या नजरेतून सुटणार नव्हताच. तेव्हा मी सगळ्यांनाच त्या प्रोग्रॅमच्या पानाचा पत्ता देऊन टाकला. म्हटलं, घरातल्या घरात फोटो पाठवायला केलंय. पान उघडलं की प्रोग्रॅम तुम्हाला एखाद्या प्राण्याचं नाव देतो, दर वेळी नवं. एका घराच्या नेटवर असलेले सगळे एकमेकांना दिसतात. घराबाहेरचा माणूस दिसत नाही. त्याला एक आकडा द्यावा लागतो, तो त्याने टाकला तरच. नवऱ्याला गंमत वाटली, भाऊजींना अभिमान वाटला आणि सासूबाईंना तर नादच लागला. त्या पान उघडं ठेवून फोन शेजारी घेऊन बसायच्या. म्हणायच्या, "कोण कोण आलंय ते दिसतं गं, बरं वाटतं." आता कोण येणार होतं? आम्हीच.

माझा हिशेब सरळ होता. मी खोलीवर, ऑफिसच्या फोनच्या नेटवर, म्हणजे घराबाहेर. घरचे मला दिसणार नाहीत, मी त्यांना दिसणार नाही. दिसेल ती फक्त ताई.

खोलीत उभी राहून मी ऑफिसच्या फोनवर व्हिडिओ काढला. मग माझ्या फोनवरून ताईला फोन लावला, आकडा सांगितला. ती म्हणाली, "थांब, उघडते." मी ऑफिसच्या फोनवर पान उघडलं, आणि लगेच समोर नाव आलं: निळं कासव. पहिल्या फटक्यात चाललं, म्हणून मी स्वतःवरच खूश झाले. व्हिडिओ पाठवला. समोरून स्वीकारला गेला. तेवढ्यात ताईचा फोन आला.

"अगं, मी लिफ्टमध्ये होते, नेटच नव्हतं. आता उघडते. आकडा काय म्हणालीस?"

मग व्हिडिओ घेतला कोणी? पडद्यावरचं कासव तोवर निघून गेलं होतं.

जिना उतरता उतरताच चूक लक्षात आली, आणि ती माझ्या धंद्यातली, नवशिक्याने करावी अशी चूक होती. दारवानाने आत पाठवताना सांगायला हवं असतं, की हा पाहुणा अमुक ठिकाणाहून आलाय. त्यासाठी एक ओळ लिहावी लागते. ती मी लिहिलीच नव्हती. त्यामुळे आतल्या प्रोग्रॅमला वाटत होतं, की येणारा प्रत्येक जण त्या एकाच दारातून आलाय, म्हणजे एकाच घरातला आहे. मी गावाच्या दुसऱ्या टोकाला उभी राहून, घरात बसल्यासारखी सगळ्यांना दिसत होते.

घरी आल्या आल्या चपला काढायच्या निमित्ताने लॅपटॉपपाशी वाकले. त्या वेळी कोण आलं होतं त्याची नोंद होती: आमच्याच घराचं नेट, आणि फोन त्याच कंपनीचा, तेच मॉडेल. तिघांचेही तेच. भाऊजींच्या सेलला मी मनातल्या मनात शिव्या घातल्या. व्हिडिओ परत घेण्याचा प्रश्नच नव्हता. मधे कोणी नव्हतं ना.

संध्याकाळभर मी तिघांची तोंडं वाचत होते. नवरा मोजे शोधत होता. भाऊजी गिझरला नावं ठेवत होते. सासूबाईंनी माझ्यापुढे मऊ शिजवलेलं जेवण ठेवलं आणि म्हणाल्या, "खोलीची खिडकी छान आहे गं."

"कुठली खोली?" भाऊजी म्हणाले.

"हिने नाही का पाठवली. थांब, तुम्हाला पण देते."

त्यांनी चष्मा सारखा केला आणि मीच शिकवलं होतं तसं, न चुकता, दोघांना व्हिडिओ पाठवून दिला. मग टेबलावर माझाच आवाज तीन फोनांतून, थोडा मागेपुढे, घुमायला लागला. "ताई, बघ. ही खिडकी. हा नळ, पाणी येतंय. इथे टेबल. इथे पलंग, एकच. दुसरा मावतच नाही, मी मापं घेतलीत. इथे मला कोणी विचारणार नाही, कुठे होतीस म्हणून." शेवटी मी हसले होते. ते हसूही तीनदा ऐकू आलं. मला वाटलं धरणी दुभंगावी, पण खाली तर शेजाऱ्यांचं स्वयंपाकघर होतं.

नवरा ताटात बघत बसला. आता हा काहीतरी बोलेल, मी काहीतरी बोलेन, होऊन जाऊ दे एकदाचं, असं मला अगदी मनापासून वाटलं. तो म्हणाला, "कामाला जागा हवी होती तर सांगायचं ना. मी टेबल मोठं आणलं असतं."

भाऊजींनी व्हिडिओ थांबवून, बोटांनी मोठा करून पाहिला. "दुसरा पलंग मावतो. भिंतीला उभा ठेवायचा, लागेल तेव्हा पाडायचा. आणि नेट वेगळं घेऊ नकोस, आपल्याच प्लॅनमध्ये टाकतो. दाराला एक कॅमेराही लावू. बाईमाणूस एकटी असणार."

"दात बरे आहेत म्हणजे," सासूबाई म्हणाल्या.

भांडायला समोर माणूस लागतो. माझ्यासमोर सगळे मदतनीसच. मी चिडून ती राहिलेली ओळ, तो दारवान, सगळं त्यांना समजावून सांगितलं आणि म्हटलं, उद्याच दुरुस्त करते. भाऊजींचा चेहरा उजळला. "म्हणजे जगात कुठेही असलो तरी आपण एकाच घरात दिसतो? मग राहू दे की तसंच. हे तर फारच छान झालंय."

ती ओळ मी लिहिली नाही. का नाही, ते मलाच नीट सांगता येणार नाही. सगळे इतके आनंदात होते.

रविवारी टेम्पो करून अख्खं घर खोलीवर आलं. पलंग मावला नाही. भाऊजींनी तो हट्टाने खिडकीच्या भिंतीला उभा केला, आणि अर्धी खिडकी गेली. दारावर कॅमेरा बसला. नवऱ्याने नळ उघडून बघितला आणि म्हणाला, "पाणी खरंच येतंय." सासूबाई माझ्या एकट्या पलंगाच्या कडेला बसल्या. बराच वेळ उरलेल्या अर्ध्या खिडकीतून बाहेर बघत होत्या. निघायची घाई भाऊजींनीच केली.

सोमवारी मी तिथे एकटी कामाला बसले. बसले म्हणजे बसायचा प्रयत्न केला. त्या उभ्या पलंगाकडे पाठ केली तर तोंड दाराकडे, कॅमेऱ्याकडे. पान उघडलं, तर पांढरा बगळा म्हणून मी हजर, आणि समोर तिघेही: एक वाघ, एक ससा, एक कासव. या खोलीत पाऊल ठेवल्यापासून मी क्षणभरही एकटी नव्हते. आणि हे सगळं कशामुळे, तर मी न लिहिलेल्या एका ओळीमुळे. मग मात्र माझं डोकं फिरलं.

कॅमेऱ्याची वायर काढली. भाऊजींचा फोन येईल तेव्हा बघून घेऊ. कामाच्या लॅपटॉपवरून घरच्या त्या मशीनमध्ये शिरले आणि दारवानाच्या फाइलमध्ये ओळ लिहिली: आलेला माणूस कुठून आलाय, ते आत सांग. डबा बंद करून परत चालू केला. पान पुन्हा उघडलं. वाघ नाही, ससा नाही, कासव नाही. तिथे लिहिलं होतं: सध्या इथे दुसरं कोणी नाही. ते वाचून मला रडूच आलं.

थोड्याच वेळात फोन वाजला. सासूबाई.

"अगं, तू दिसत नाहीयेस. मघाशी होतीस, बगळा. बाकी दोघं आहेत, तूच तेवढी गेलीस."

"इथेच आहे, आई. फक्त आता दिसणार नाही."

"बिघडलंय का काही?"

"बिघडलं होतं. दुरुस्त केलं."

त्यांच्या मागे हॉलमधला टीव्ही चालू होता. आता त्या भाऊजींना हाक मारणार, असं मला वाटलं. त्यांचा आवाज आला तो अगदी खालच्या पट्टीत, फोन तोंडाजवळ धरून बोलल्यासारखा.

"बरं," त्या म्हणाल्या. "मग आतून कडी लावून घे."