न लवलेला पाटा

माझ्या दोन्ही टोकांना, वरच्या अंगाला, बोटभर लांबीचा चकाकता पट्टा आहे. बाकी सगळा मी गंजलेला. ओझे आले की मी लवतो, वरच्या पाट्यावर घासतो आणि तेवढाच भाग लखलखीत राहतो. मित्रांनो, मी एक जुना पोलादी पाटा आहे; अमेरिकेत, नॉर्थ डकोटातल्या एका ट्रकच्या मागच्या चाकापाशी धक्के झेलणारी, एकाखाली एक पाटे रचलेली जी कमान असते, तिच्यातला चौथा.

मूळ कमानीत तीनच पाटे होते. ऑरिनने मधमाश्यांच्या पेट्या वाढवल्या, तेव्हा ट्रकची शेपटी खाली बसू लागली. त्याचा मेहुणा गेलन गाड्या दुरुस्त करतो. त्याने मला भट्टीत लाल केले, वाकवले, तेलात बुडवून कडक केले आणि कमानीखाली बसवले. त्या उन्हाळ्यात मधाने जड झालेल्या चाळीस पेट्या मी न डगमगता पेलल्या. ऑरिनची बायको मारेन चाकापाशी वाकून माझ्यावर थाप मारत म्हणाली, "आमच्या घरातला सगळ्यात कामसू गडी हाच. ऑरिन दुसरा!"

पुढे मारेनच्या मणक्यात कर्करोग निघाला. दवाखाना नव्वद मैलांवर, त्यातले पहिले वीस मैल खडीचे. छोट्या गाडीत वाकून बसणे तिला जमेना, म्हणून ट्रकच न्यावा लागे. ट्रक रिकामा, आणि रिकाम्या ट्रकखाली मी लवत नाही. प्रत्येक खड्डा मी जसाच्या तसा तिच्या पाठीत पोचवला. ती ओरडत नसे. फक्त दाराची मूठ घट्ट धरी, आणि ते थरथरणे लोखंडातून माझ्यापर्यंत येई.

"दाजी, चौथा पाटा काढू या," गेलन म्हणाला. "अर्ध्या दिवसाचं काम."

"आणि पेट्या कशावर नेऊ? तुझ्या टकलावर?"

"माश्या देऊन टाका कुणाला तरी. पेट्यांचं ओझं आणि ताईची पाठ, एका कमानीत दोन्ही सांभाळता येत नाही."

"बघू. हंगाम संपू दे."

माश्या मारेनच्या आईकडून आलेल्या. त्या देऊन टाकायच्या, म्हणजे मारेन आता कधीच पेटी उघडणार नाही हे कबूल करायचे. ऑरिनने ते केले नाही. बर्फात चाके घसरू नयेत म्हणून इथले लोक ट्रकमध्ये वाळूची पोती टाकतात. त्याने ती भर उन्हाळ्यात टाकली, वजनाने मी लवावा म्हणून. आठ पोती. मी केसभर लवलो.

"आज बरं वाटतंय रे," मारेन म्हणाली.

मूठ तशीच थरथरत होती. पुढच्या खेपेला त्याने बारा पोती टाकली, मग सोळा. असे दोन हंगाम गेले.

मित्रांनो, मला ताठ घडवले याचा मला अभिमान होता. पण ओझे उतरल्यावर आपला ताठपणा कुणाच्या पाठीत जातो, तेवढे एकदा वळून पाहा. मला वळता आले नाही.

काल परतताना, गुरे बाहेर जाऊ नयेत म्हणून फाटकाजवळ रस्त्यात आडव्या बसवलेल्या लोखंडी पट्ट्यांवरून चाके गेली आणि मारेन पहिल्यांदा किंचाळली. ऑरिनने ट्रक थांबवला. मग तो घरी वळला नाही, सरळ गेलनच्या दारात आला. मारेन आतच बसून होती, काच खाली केलेली. तिने ऑरिनकडे पाहून होकाराची मान हलकेच डोलावली.

"गेलन," ऑरिन म्हणाला, "काढ तो पाटा. मारेन आता पेट्या उघडणार नाही."