चाळीस हजारांचे उरले किती?

थोरली अठरा वर्षं गादीच्या कारखान्यात खोळी शिवत होती, पण बोनस असा यंदाच जाहीर झाला. मुकादमाने शिलाई हॉलमध्ये आकडा वाचून दाखवला, चाळीस हजार. घरी जाताना वाट वाकडी करून तिने कानाच्या यंत्रांचं दुकान गाठलं. एका कानाचं यंत्र एकोणीस हजारांना, दोन्हींचं मिळून अडतीस. "जोडी राखून ठेवा, शनिवारी नेते," असं सांगून ती मोकळी झाली. बाबांनी उभा जन्म लोकांचे रेडिओ दुरुस्त केले होते, आणि आता त्यांना 'जेवायला चला' म्हटलं की तीन घरांपलीकडचे जेवायला उठायचे.

शनिवारी बोनसची चिठ्ठी हातात पडली. अगदी खाली लिहिलं होतं, हातात येणारी रक्कम एकवीस हजार.

तिने चिठ्ठी उलटी करून पाहिली. मागची बाजू कोरीच होती. मग ती तडक हिशेबनीसाच्या खिडकीशी गेली.

"साहेब, ही दुसऱ्या कुणाची तरी आलीय."

"तुमचीच आहे, ताई." त्याने पेनचं टोक टेकवलं. "टॅक्स आठ हजार. जरा जास्तच कापलाय. कॉम्प्युटरला वाटतं, तुम्हाला दर महिन्याला एवढंच मिळणार."

"मग त्याला सांगा ना, नाही मिळणार म्हणून!"

"तसं सांगता येत नाही. वर्षअखेरीला अर्ज करा, जास्तीचे परत येतील."

"परत द्यायचेत तर घेता कशाला?"

हिशेबनीस पेन खाली सरकवत म्हणाला, "फंडाचे अठ्ठेचाळीसशे. हे तुमचेच, साठीनंतर मिळतील."

"यंत्र बाबांना हवंय, आणि ते आत्ताच पंच्याहत्तरचे आहेत."

"उचल घेतली होती, तिचे पाच हजार."

"ती फिटली की!"

"अर्धी. उरलेली एकदम वळती केली."

थोरलीच्या डोक्याचा पार भुगा झाला. आपलेच पैसे आपल्याकडून घेऊन आपल्यालाच कधीतरी मिळणार, एवढं कळलं. पण मग ते आत्ता कुणाचे, हे काही केल्या उलगडेना. तरी एका ओळीवर तिने बोट ठेवलंच. "आणि हे 'इतर' बाराशे?"

"इतर म्हणजे... इतर." त्याने चष्मा पुसला, कॉम्प्युटरच्या पडद्यात डोकं घातलं, गोदामात फोन लावला. बऱ्याच वेळाने त्याचा चेहरा उतरला. "लोखंडी टोकाचे बूट. गोदामवाल्यांचे."

थोरलीने पाय पुढे केला. पायात कापडी चपला होत्या.

"चूक आमची," तो हळूच म्हणाला. "पुढच्या पगारात येतील."

दुकानात तिने मान खाली घालून एकच यंत्र घेतलं. दुकानदाराने विचारलं, कोणत्या कानाचं? तेही तिला ठाऊक नव्हतं. तिने धाकटीला फोन लावला. धाकटीने प्रश्न लिहून बाबांच्या समोर पाटी धरली. उत्तर आलं, डाव्या. उजव्या हाताला धाकटी बसते, आणि तिची बडबड ऐकायची त्यांना घाई नव्हती म्हणे.

संध्याकाळी यंत्र लावून बाबा खिडकीशी बसले. किती तरी वेळ नुसते ऐकत होते. नळाचं पाणी, जिन्यातली पावलं. थोरली साध्या आवाजात म्हणाली, "दोन घेणार होते, बाबा."

"का नाही घेतलीस?"

ती सांगू लागली. टॅक्स, परतावा, फंड, उचल. मध्येच आठ हजार तिने दोनदा वजा केले, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, आणि बुटांपाशी येऊन अडकली. बाबांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"कळलं?" तिने विचारलं.

"ऐकू आलं," बाबा म्हणाले. "कळलं काहीच नाही. पण तू बोल, छान वाटतंय."